जिप्सम म्हणून आणलेली पावडर ॲसिड टाकताच फसफसतेय, हे नेमकं काय आहे?

केळीवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. तापीकाठच्या आमच्या वावराचा खालच्या अंगाचा तुकडा चोपण होत चाललाय. पाणी दिलं की वरच उभं राहतं, वाळलं की कुदळ लागत नाही. माती तपासली तर सामू ८.९ आणि सोडियम जास्त. केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) लावायची असेल तर आधी जिप्सम टाका, असं कृषी सहायकांनी सांगितलं.

त्याप्रमाणे तालुक्याच्या एका दुकानातून गोण्या उचलल्या. गोणीवर पुढे मोठ्या अक्षरात ‘सॉइल कंडिशनर’, मागे बारीक अक्षरात जिप्सम. टक्केवारी कुठेच नाही. पावडर पांढरीशुभ्र आणि एकदम बारीक. शेजारच्या नानांनी संडास धुवायचं ॲसिड चमचाभर टाकून पाहिलं, तर वाटी भरून फेस. नाना म्हणतात हे जिप्सम नाही, दगडाची पूड आहे. दुकानदार म्हणतो, “भो, सगळ्याच जिप्समला फेस येतो.” दोघांपैकी खरं कोण? अर्ध्या गोण्या अजून फोडलेल्या नाहीत.

लॅबवाली_जळगाव

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच असा माल खपतो.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यात पाणी बांधलेलं. शुद्ध असेल तर वजनाने २३ टक्के कॅल्शियम, साडेअठरा टक्के गंधक आणि जवळजवळ २१ टक्के पाणी. त्याला ॲसिडने फेस येत नाही. फेस येतो तो कार्बोनेटला, म्हणजे चुनखडी, कॅल्साइट, संगमरवर यांना. आता खाणीतलं जिप्सम काही शंभर टक्के शुद्ध नसतं. माती, वाळू, थोडी चुनखडी त्यात येतेच. म्हणून चार बुडबुडे दिसले की लगेच चोर म्हणू नका. पण वाटी भरून फेस आला असेल तर नानांचं बरोबर दिसतंय.

घरी खात्री करायची असेल तर एक जुना तवा घ्या, जो परत पोळ्यांना लागणार नाही. पावडर दिवसभर सावलीत पसरून कोरडी करा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० ग्रॅम मोजा आणि मंद आचेवर ठेवा. जिप्सम असेल तर थोड्या वेळात कोरडीच पावडर उकळायला लागल्यासारखी हलते, मधेमधे बारीक कारंजी उडतात. वर थंड ताटली धरली तर तिच्या पोटाला पाण्याचे थेंब धरतात. ते दगडात बांधलेलं पाणी. हालचाल थांबली की थंड करून परत वजन करा. चांगल्या जिप्समचे १०० चे ८४ च्या आसपास राहतात, जास्त तापवलं तर ७९ पर्यंत उतरतात. घट निम्मीच आली तर माल निम्माच जिप्सम आहे असं धरा. उरलेल्या पुडीत थोडं पाणी घालून कालवा, अर्ध्या तासात घट्ट होईल, कारण तव्यावर तुम्ही प्लास्टर ऑफ पॅरिसच केलेलं असतं.

संगमरवराची पूड मात्र तव्यावर ढिम्म हलणार नाही. तिच्यातला वायू सुटायला चुन्याची भट्टी लागते, ८०० अंशांच्या वरची.

ॲसिडचा प्रयोग उघड्यावर करा. आणि ते ॲसिड ब्लीचिंगच्या भांड्यात चुकूनही ओतू नका, क्लोरीन निघतो.

रिटर्नभाडं

ताईंनी रसायन सांगितलं, मी गाडीचं सांगतो. आमची ट्रान्सपोर्टची लाइन आहे, रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेला जातो.

आपल्या खान्देशात जिप्समची खाण नाही. इथे खाली सगळा काळा पाषाण, खडी आणि मुरूम काढायच्या कामाचा. देशातलं खाणीतलं जिप्सम जवळजवळ सगळं राजस्थानातून येतं: बिकानेर, नागौर, हनुमानगड, श्रीगंगानगर, जैसलमेर, बाडमेर. म्हणजे चोपड्याला पडणाऱ्या भावात दगड थोडा आणि रस्ता फार. या सगळ्या पांढऱ्या मालांचं असंच आहे, खाणीच्या तोंडाशी कवडीमोल, मग दळाई, गोणी, हमाली, भाडं. सोनं हजार किलोमीटर नेलं तरी भाव हलत नाही. जिप्सम तेवढं नेलं की गोणीतल्या मालापेक्षा भाडं जास्त.

केळी उतरवून गाडी रिकामी आणायची नसते. मग जे मिळेल ते रिटर्न भाडं घ्यायचं, आणि राजस्थानातून काय मिळतं? फरशी, संगमरवर, पावडर. किशनगडला संगमरवर कापताना जो गाळ निघतो त्याचा एवढा मोठा पांढरा उकिरडा झालाय की लोक तिथे लग्नाचे फोटो काढायला जातात. वाळवला, चाळला, गोणीत भरला की तोही पांढराशुभ्रच दिसतो. बाकी तुम्ही समजून घ्या. मी कोणाचं नाव घेत नाही.

केळीवाला_चोपडा

म्हणजे माझ्या वावरात कोणाच्या तरी देवघराची फरशी पडली म्हणायची 😀

पण ताई, कॅल्शियम तर त्यातही आहेच ना? दुकानदाराचा हाच मुद्दा आहे. “कॅल्शियमशी मतलब.”

लॅबवाली_जळगाव

मतलब विरघळण्याशी आहे. एक लिटर पाण्यात जिप्सम दोन-सव्वादोन ग्रॅम विरघळतं. कॅल्साइट त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढंही नाही, आणि सामू साडेआठच्या वर असला तर त्याहून कमी.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक गाळ होऊन छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी वर उभं राहतं. विरघळलेलं कॅल्शियम आलं की ते सोडियमला उठवून त्याची जागा घेतं, सोडियम सल्फेट होतं आणि पाण्याबरोबर खाली निघून जातं. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर असते. वावरातलं ढेकूळ घेऊन त्यावर तेच ॲसिड टाका, तेही फसफसेल. आहे त्या चुनखडीत कॅल्शियम कोंडून पडलंय, तिथे अजून चुनखडी ओतून काय होणार?

आणि ड्रिपवाल्यांकडे ईसी मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, असतोच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) एक लिटर, त्यात पाच ग्रॅम पावडर, अर्धा तास अधूनमधून हलवा. जिप्सम असेल तर ईसी २ च्या पुढे जाईल. कॅल्साइट असेल तर काटा जागचा फारसा हलणार नाही. मीठ मिसळलेलं असलं तरी ईसी चढते, म्हणून तवा आणि मीटर दोन्ही करा.

पाइपवाला

जळगाव एमआयडीसीत पाइपच्या लाइनवर आहे, म्हणून राहवत नाही. हीच पांढरी पावडर आम्ही टनाने वापरतो, त्यात वाईट काही नाही. पीव्हीसीच्या राळेत कॅल्शियम कार्बोनेट थोडं घालावंच लागतं, पाइपला कडकपणा येतो, लाइन नीट चालते. आमच्याकडे येते ती ‘कोटेड’, म्हणजे प्रत्येक कणाला स्टिअरिक ॲसिडचा पातळ लेप. ती ग्लासभर पाण्यावर भुरभुरून बघा, दगड असून तरंगते, ढवळली तरी भिजत नाही. प्लास्टिकच्या चटईवाल्यांच्या मालातही ही पावडर फिलर, म्हणजे भर, म्हणून जाते.

केळीवाले दादा, तुमची पावडर पाण्यावर तरंगते का ते बघा. तरंगली तर ती शेतासाठी दळलेलीच नाही, कुठल्या तरी कारखान्याचा उरलेला किंवा नापास माल गोणी बदलून आलाय.

गडबड होते ती ‘थोडं’ या शब्दापाशी. राळ महाग, पावडर स्वस्त. शेतकरी पाइप उचलून बघतो, हाताला जड लागला की म्हणतो माल दणकट आहे. उलटं आहे. पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास, कॅल्साइटची २.७. आयएस ४९८५ या पाइपच्या भारतीय मानकात घनता १.४० ते १.४६ सांगितली आहे. १०० किलो राळेत ८ किलो पावडर घातली तर हिशोब १.४५ वर येतो, बसला नियमात. ३० किलो घाला, १.५७ होते. तो पाइप पहिल्या थंडीत ट्रॅक्टरच्या चाकाखाली काचेसारखा तडकतो.

पाइपचा हातभर तुकडा घ्या, काट्यावर वजन करा, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून, बुडाला न टेकवता परत वजन करा. पहिल्या वजनाला दोन्हींच्या फरकाने भागा, घनता मिळाली. पाइप जाळून बघायच्या भानगडीत पडू नका, धूर छातीला वाईट.

अमळनेरना_पोऱ्या

मना वावरमा बी तीच पावडर टाकेल शे भो. आते काय करानं?

गारगोटी

जरा अवांतर. खान्देशात जिप्सम नसलं तरी जगाच्या खनिज बाजारात ‘जळगाव’ हे नाव फार मोठं आहे, आणि आपल्याला पत्ता नसतो. विहिरी खोदताना, खदानीत सुरुंग लावताना काळ्या पाषाणात पोकळ्या लागतात, त्यात अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्युलँडाइट, कॅल्साइटचे स्फटिक. परदेशातल्या संग्रहालयात आणि दगडांच्या प्रदर्शनात चिठ्ठीवर ‘जळगाव’ किंवा ‘सावदा’ लिहिलेलं असतं. अपोफिलाइटचा चौकोनी, काचेसारखा चकचकीत स्फटिक आणि बाजूला स्टिलबाइटच्या पीचच्या रंगाच्या जुड्या. इथे मजूर ती ‘गारगोटी’ म्हणून बाजूला टाकतो. सुटा स्फटिक धडका खात खडीत गेला की किंमत शून्य, मातृशिळेसकट अख्खा निघाला तर दाम मिळतो. टनावारी विकायच्या धंद्यातला हा एकच कोपरा असा की जिथे भाड्याला कोणी विचारत नाही.

यातले स्टिलबाइट, ह्युलँडाइट हे झिओलाइट गटातले, आणि आता या झिओलाइटच्या नावावरही शेतीत पावडर विकायला लागलेत. जे झिओलाइट जनावरांच्या खाद्यात, पाणी गाळायला, जमिनीत वापरतात ते बहुतेक क्लिनोप्टिलोलाइट, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून खाणीने निघणारं. आपल्या पोकळ्यांतलं सुंदर, पण मूठभर. तेव्हा “जळगावचं नैसर्गिक झिओलाइट” असं लिहिलेली टनभर गोणी कोणी दाखवली तर तीही ताईंच्या तव्यावर चढवा.

लॅबवाली_जळगाव

गारगोटी, झिओलाइटसुद्धा तापवल्यावर पाणी सोडतं, त्याचं नावच उकळणाऱ्या दगडावरून पडलंय. पण पाणी घालून घट्ट होत नाही आणि ईसी चढवत नाही. म्हणून म्हटलं, एका चाचणीवर निकाल देऊ नका.

सातपुडा_पायथा

अक्कलकुव्याकडचा आहे. पावडर, पावडर चाललंय, तर दळणाऱ्यांबद्दलही कोणीतरी लिहायला हवं.

कॅल्साइट, जिप्समची धूळ नाकात गेली तर त्रास होतो, खोकला येतो. गारेची, म्हणजे क्वार्ट्झची धूळ वेगळी. काच आणि सिरॅमिकवाल्यांना लागणारी ती पूड फुप्फुसात रुतून बसते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही. आमच्या शेजारच्या अलीराजपूर, झाबुआकडचे आदिवासी गोध्र्याच्या गार दळायच्या गिरण्यांत कामाला गेले. ऐन तरुण माणसं काही वर्षांत परत आली ती दम घेत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं. क्षयरोग समजून वर्षानुवर्षं भलतेच उपचार झालेलेही त्यात होते.

आपल्याकडे स्टोन क्रशर वाढलेत. काळ्या पाषाणात मोकळी गार कमी असते, म्हणून धोका तेवढा नाही, पण पाणी न मारता धूळ उडवायला तोही परवाना नाही. गोण्या फोडताना नाकाला ओला रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण त्यातून सहज जातात. चांगला मास्क घ्या, आणि वाऱ्याकडे पाठ करून फोडा.

धुळेकर

यात आमच्या तेलवाल्यांची माती पण घ्या. सरकी, सोयाबीनचं कच्चं तेल लालसर-हिरवट असतं, त्याचा रंग ओढायला ‘ब्लीचिंग अर्थ’ घालतात. मूळ माल कच्छकडचा बेंटोनाइट, ॲसिड मारून तयार केलेला. तेल गाळल्यावर ती माती काळी होऊन बाहेर पडते, तिच्यात तेल राहिलेलं असतं. ढीग मारून ठेवली तर आपोआप तापते आणि पेट घेते. नवीन माणूस विचारतो, माती कशी काय जळली?

रिटर्नभाडं

बेंटोनाइटवरून आठवलं. ९० टक्के गंधकाच्या त्या करड्या-पिवळ्या गोळ्या मिळतात, त्यात उरलेला दहावा हिस्सा बेंटोनाइटच. नुसता गंधक ओला होत नाही. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतो आणि गोळी फोडतो. आणि तो गंधक खाणीतला नसतो बरं का, पेट्रोल-डिझेल रिफायनरीत कच्च्या तेलातून काढलेला.

केळीवाला_चोपडा

रिपोर्ट देतो. तव्यावर १०० ग्रॅम ठेवली. अर्धा तास बसलो, हालचाल नाही, थेंब नाही. वजन ९९. कालवली तर नुसता चिखल. बॅटरीच्या पाण्यात टाकली, मीटर ०.०५ वर गेला आणि तिथेच थांबला. व्हिनेगर टाकलं तरी फेस आला. पाइपवाले भाऊ, तरंगत नाही, खाली बसते.

नाना जिंकले. आता पूर्ण गावाला सांगत फिरताहेत.

लॅबवाली_जळगाव

व्हिनेगरलाही फेस म्हणजे बहुधा कॅल्साइट. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाला चुनखडीसारखा दगड, असतं तर गार व्हिनेगरला फारसं दाद देत नाही.

न फोडलेल्या गोण्या तशाच ठेवा. बिलावर ‘जिप्सम’ लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्यांच्यासमोर बंद गोणीतून नमुना काढायला सांगा. घरी केलेली चाचणी तुमच्या समाधानासाठी, भांडायला प्रयोगशाळेचाच कागद लागतो.

पुढच्या खरेदीला टक्केवारी विचारा आणि हिशोब त्यावर करा. मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमधून १०० ग्रॅम मातीमागे एक मिलीइक्विव्हॅलंट (माती रिपोर्टातलं सोडियमचं माप) सोडियम हटवायला एकरी साधारण पाऊण टन शुद्ध जिप्सम लागतं. ७० टक्क्यांचं असेल तर टनाच्या पुढे. म्हणून दोन गोण्या एकरात भुरभुरून चोपण सुटत नाही. तुमच्या रिपोर्टातला आकडा टाका, मी हिशोब करून देते.

खत कारखान्यांचं फॉस्फोजिप्समही चालतं. फॉस्फरिक ॲसिडच्या प्रत्येक टनामागे पाचेक टन निघतं, म्हणून कारखान्यांजवळ त्याचे डोंगर आहेत. जरा ओलसर, करडं, किंचित आंबट. दिसायला तुमच्या पावडरीपेक्षा कळकट, पण चोपणाला तेच उपयोगी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालतो, जिवाणू त्याचं ॲसिड करतात आणि वावरातल्याच चुनखडीचं जिप्सम होतं. एक किलो गंधक म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो जिप्सम, गाडीभाड्यात केवढा फरक! फक्त वेळ लागतो, ओल आणि ऊब लागते.

पाइपवाला

हे सगळं केंद्राच्या अखत्यारीत आहे ना? मग खाणीपासून गोणीपर्यंत कोणी तपासत कसं नाही?

रिटर्नभाडं

फेब्रुवारी २०१५ पासून जिप्सम, डोलोमाइट, कॅल्साइट, शंखजिरं धरून ३१ खनिजं गौण खनिजांत गेली. म्हणजे वाळू-मुरमासारखी राज्यांच्या हातात. खाणीवर रॉयल्टीची पावती तपासतात. ती गाडी पुढे दळणाऱ्याकडे गेली, तिथून गोणीत, गोणीवरून तिसऱ्याचं नाव, की मग दगड कुठला ते गाडीवाल्यालाही माहीत नसतं.

अमळनेरना_पोऱ्या

ताई, मना प्रश्न राहीच गया. जी टाकेल शे तिनं काय?

लॅबवाली_जळगाव

राहिलाच होता, माफ करा दादा. जमिनीचं नुकसान काही नाही, आधीच्या चुनखडीत थोडी भर पडली, पैसे गेले तेवढे. खरवडून काढत बसू नका. पण जिप्सम टाकायच्या आधी वावराच्या खालच्या अंगाला चर काढा. सोडियम सुटला तरी पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो, आणि उन्हाळ्यात परत वर येतो. आधी चर, मग जिप्सम, वरच्या थरात मिसळून वाफे बांधा आणि भरपूर पाणी. बोअरचं पाणीही तपासून घ्या, तेच खारं असेल तर दरवर्षी हाच खर्च.

केळीवाला_चोपडा

दुकानदार गोण्या परत घ्यायला तयार झालाय, पण येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडून मागतोय.

रिटर्नभाडं

एक पैसा देऊ नका. अर्ज देतो म्हणावं, गाडी तो स्वतः पाठवेल.